करंडक एकाच घरी का हवा?

म्हणणे असे आहे. स्पर्धेला तेज चढते ते एखाद्या बलाढ्य संघामुळे. जर्मनीत बायर्न म्युनिक आहे म्हणून तिथल्या फुटबॉलला वजन आहे. आपल्याकडे एकेकाळी मुंबई होती म्हणून रणजी करंडकाला वजन होते. आता कोणीही उठतो आणि करंडक घरी नेतो, म्हणजे दर्जा उतरला. त्यातून बडोद्याचे तर विचारायलाच नको. आज मुंबईला लोळवतील, उद्या जम्मू-काश्मीरकडून मार खातील. फॉर्म म्हणून औषधालासुद्धा नाही. तेव्हा बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे तीन संघ मोडून एक करावा, सिक्कीम-मिझोरामसारख्यांना घरी बसवावे, आणि मग पाहा कसा समतोल येतो ते.

हे लिहिणारे गृहस्थ आमच्याच गावचे, बडोद्याचे. रावपुऱ्यात वाढलेले, आता बाहेरगावी असतात आणि शनिवारी संध्याकाळी जर्मनीची बुंडेसलिगा पाहतात. पाहोत बापडे. त्यांचे म्हणणे मी थोडे भडक रंगात मांडले असेल, पण मूळ लेखही काही फिका नव्हता.

जर्मनीचे आधी उरकून घेऊ. २०१२-१३ ते २०२२-२३ असे सलग अकरा हंगाम बायर्न विजेते. यांना त्यात तेज दिसते. त्या अकरांपैकी लोकांनी श्वास रोखून पाहिलेला शेवट २०२२-२३ चा, कारण त्या वर्षी डॉर्टमुंड शेवटच्या दिवसापर्यंत पुढे होते. घरच्या मैदानावर माइन्झशी २-२ बरोबरी झाली आणि समान ७१ गुणांवर, गोलफरकाने, करंडक पुन्हा म्युनिकला गेला. म्हणजे रंगत आली ती बायर्न जवळजवळ हरले म्हणून! पुढच्या वर्षी लेव्हरकुसेनने एकही सामना न गमावता लीग जिंकली. क्लबच्या मतांची बहुसंख्या सभासदांकडेच राहावी, असा तिथला प्रसिद्ध नियम आहे. बायर्नची साखळी तोडणारे लेव्हरकुसेन मात्र त्या नियमाला दिलेल्या मोजक्या सवलतींपैकी एक, औषध कंपनीच्या मालकीचे. ही गुंतागुंत आमच्या मित्रांच्या लेखात सापडत नाही. जर्मनी त्यांनी शोभेला आणली आहे.

आता मुंबईची पंधरा वर्षे. सगळा डोलारा त्यांवरच उभा आहे, म्हणून इथे जरा बैठक मारून बसतो.

१९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा वेळा मुंबई. कर्तृत्व मोठेच, कोण नाकारील? पण संघ थोर होता म्हणून स्पर्धाही थोर होती, असे होत नाही. त्यासाठी त्या काळचे कोष्टक उघडून बघावे लागते. १९५७-५८ पासून रणजीत विभागवार साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा. यांतून बाद फेरीत जाणार फक्त एक. पहिल्याच वर्षी तो एक होता बडोदा. दत्ताजीराव गायकवाडांच्या संघाने पश्चिम विभाग जिंकला, अंतिम सामन्यात सेनादलाला हरवले आणि करंडक बडोद्याच्या मोतीबाग मैदानात आला. त्यानंतर मुंबईने दार लावून घेतले ते पंधरा वर्षे उघडलेच नाही. १९६९-७० पर्यंत नियम तोच, एका विभागातून एकच संघ. म्हणजे देशातल्या कदाचित सर्वांत कसदार विभागातले चार संघ दरवर्षी साखळीतच गारद. ते दक्षिणेपेक्षा किंवा उत्तरेपेक्षा कमी होते की जास्त, हे कळायला वावच नव्हता. बडोद्याचा सबंध हंगाम मुंबईशी होणाऱ्या एका लढतीवर तोलला जायचा, आणि ती गेली की पुढच्या वर्षापर्यंत पॅड माळ्यावर.

आणि पलीकडच्या बाजूने अंतिम सामन्याला यायचे कोण? राजस्थान. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात राजस्थानने आठ अंतिम सामने खेळले आणि आठही हरले, त्यांतले सात मुंबईशी. त्यांच्याकडे सलीम दुराणी, हनुमंतसिंग अशी माणसे होती. संघ लेचापेचा नव्हता. एकाने दरवर्षी जिंकायचे आणि दुसऱ्याने दरवर्षी हरायचे, असा तो तेजाळ कालखंड. नाटकाला इतके ठरलेले शेवट असते तर तिसऱ्या प्रयोगाला तिकिटे खपली नसती.

मग १९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच वर्षी पश्चिमेचा दुसरा संघ, महाराष्ट्र, थेट अंतिम सामन्यात! मुंबईचे बिनीचे खेळाडू वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते, सुधीर नाईक कर्णधार होते, आणि मुंबई जिंकली ती ४८ धावांनी. हे मला पुन्हा सांगावेसे वाटते. पश्चिमेतल्या दुसऱ्या नंबरला ज्या वर्षी प्रथम दार उघडले, त्याच वर्षी तो शेवटच्या खोलीपर्यंत पोचला. त्याआधीच्या तेरा हंगामांत असे किती संघ ओसरीवरूनच परत गेले असतील याचा हिशेब कोण देणार? १९७३-७४ ला कर्नाटकाने उपांत्य फेरीत मुंबईला थांबवले आणि नंतर राजस्थानला हरवून करंडक नेला. त्यानंतर भारतीय क्रिकेट रसातळाला गेले, असे मी तरी ऐकलेले नाही.

मुंबईच्या पंधरा वर्षांआधीचा काळ तर त्यांच्या लेखात गाळलेलाच आहे, कारण तो सोयीचा नाही. १९४५-४६ ला इंदूरच्या होळकर संघाने अंतिम सामन्यात बडोद्याला हरवले. १९४६-४७ ला बडोद्याने होळकरांना. १९४७-४८ ला पुन्हा होळकर. १९४८-४९ ला मुंबई, समोर बडोदा. १९४९-५० ला बडोदा, समोर होळकर. पाच वर्षांत तीन विजेते, आणि कोणाचीही मक्तेदारी नाही. या संघांत पैसा नव्हता असे नाही. संस्थानिकांच्या नोकऱ्यांवरच ते उभे होते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे सी. के. नायडू, मुश्ताक अली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही होळकरांकडून उतरला, नाबाद २४९ धावा केल्या, आणि तरी मुंबई जिंकली. पैशाने खेळाडू आणता येतो, निकाल आणता येतोच असे नाही. हे इंदूरकरांना बायर्नच्या पुष्कळ आधी कळले होते.

संघ एक करा म्हणजे दर्जा येईल, असाच सूर मी आमच्या शहरात पूर्वीही ऐकला आहे, मराठी शाळांच्या तुकड्यांवरून. पटसंख्या कमी, मग दोन तुकड्यांची एक करा, दोन शाळांची एक करा, म्हणजे दर्जा वाढेल. तुकड्या एक झाल्या. दर्जाचे नंतर कोणी विचारले नाही. ज्यांनी तो युक्तिवाद केला त्यांची मुले त्या शाळांत नव्हतीच, हे सांगण्याची आता गरज नाही, तरी सांगितले.

सिक्कीमचा मुद्दा. डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत बडोद्याने सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ५ बाद ३४९ केल्या, भानू पनियाने ५१ चेंडूंत नाबाद १३४. टी-ट्वेंटीतला जागतिक उच्चांक. यावरून निष्कर्ष, की असे संघ स्पर्धेत नकोत. ठीक. मग मार्च १९४७ चे काय करायचे? बडोद्यातच झालेल्या त्या अंतिम सामन्यात आमचे ३ बाद ९१ असताना विजय हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली आणि ५७७ धावांची भागीदारी झाली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोद्याच्या ७८४, होळकरांच्या २०२ आणि १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव. या न्यायाने होळकर संघाला तेव्हाच हाकलायला हवे होते. पुढच्या वर्षी करंडक त्यांनीच जिंकला.

फॉर्मबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते वाचून मला त्यांच्या बुंडेसलिगा पाहण्याबद्दलच शंका येते. २०१७-१८ ला दुसरे आलेले शाल्के २०२०-२१ ला खालच्या विभागात घसरले, मधे सलग तीस सामने विजयाविना. लेव्हरकुसेन ऑक्टोबर २०२२ मध्ये तळापासून दुसरे होते, तेव्हा झाबी अलोन्सो आला. दीड वर्षात तेच विजेते. तिथे याला कथा म्हणायचे आणि इथे याला बेभरवसा! बडोदा फेब्रुवारी २०२४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत मुंबईकडून बाद झाले ते पहिल्या डावातल्या ३६ धावांच्या पिछाडीवर. त्याच सामन्यात मुंबईच्या दहाव्या आणि अकराव्या खेळाडूंनी, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी, आमच्या गोलंदाजांना धुऊन शतके ठोकली, ते दुखणे वेगळे. मुंबईने पुढे करंडक जिंकला. आणि ऑक्टोबरमध्ये बडोद्याजवळ कोटंबीला याच गतविजेत्या मुंबईला बडोद्याने ८४ धावांनी हरवले, भार्गव भट्टचे सामन्यात दहा बळी. नंतर जम्मू-काश्मीरकडून हरले, खरे आहे. त्याच हंगामात मुंबईही जम्मू-काश्मीरकडून हरली, तेही मुंबईत, रोहित शर्मा संघात असताना. तो उल्लेख लेखात कसा राहिला कोण जाणे.

राहता राहिले एकत्रीकरण. २०१४-१५ ते २०२४-२५ या काळात रणजीचे दहा हंगाम झाले. एका वर्षी साथीमुळे स्पर्धाच नव्हती. विजेते सहा: कर्नाटक, मुंबई, गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र, मध्य प्रदेश. तेवढ्याच वर्षांत जर्मनीत विजेते दोन, आणि त्यांतला एक दहा वेळा. रणजीच्या या दहांपैकी आठ करंडक गेले ते प्रत्येकी तीन संघ असलेल्या दोन राज्यांत, महाराष्ट्रात पाच आणि गुजरातेत तीन. म्हणजे यांच्याच न्यायाने दोन्ही राज्यांतले संघ एक केले, तर दहांतले आठ करंडक दोन कपाटांत गेले असते. हे नुकसान आहे असे त्यांना वाटतच नाही, अडचण तीच आहे. विदर्भाने १९५७-५८ पासून साठ हंगाम वाट पाहिली आणि मग २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवले. नागपूर मुंबईत विलीन झाले असते तर ते साठ हंगाम वाचले असते, एवढाच काय तो फायदा.

मग मला हवे आहे काय? फार काही नाही. तीन संघ म्हणजे तेहतीस जागा, एक संघ म्हणजे अकरा. हजारे मूळचे सांगलीचे, देवासच्या दरबारातून इथे आले. झहीर खान श्रीरामपूरचा. मुंबईच्या गर्दीत जागा मिळेना, ती बडोद्याने दिली, आणि २०००-०१ ला जेकब मार्टिनच्या संघाने रेल्वेला २१ धावांनी हरवून करंडक आणला त्यात तो होता. मांडवीच्या मशिदीच्या आवारात वाढलेले पठाण बंधू, किरण मोरेंच्या अकादमीत आलेले पंड्या बंधू. अकराच जागा असत्या तर यांतले किती जण रांगेतच राहिले असते? हरलेल्या संघाला तीन-चार वर्षांत पुन्हा वर येता येते की नाही, हीच माझ्या लेखी समतोलाची मोजणी. राजस्थान २०१०-११ ला प्लेट गटातून, म्हणजे खालच्या गटातून, वर आले, हृषीकेश कानिटकर कर्णधार, आणि अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर आम्हालाच, आमच्याच मोतीबागेवर, हरवून गेले. वाईट वाटले. तरी तो दरवाजा बंद करा, असे त्या संध्याकाळीसुद्धा मैदानावर कोणी म्हणाले नाही.

प्लेट गटातून वर येण्याची वाट उघडी ठेवावी, ईशान्येच्या संघांना आणखी दहा वर्षे द्यावीत, आणि बडोद्याच्या संघाला आपल्याच मुलांना धरून ठेवता यावे. ती टिकली नाहीत तर त्याचा दोष मी जर्मनीवर टाकणार नाही. शहराबाहेर हालोलच्या वाटेवर कोटंबीला स्टेडियम छान झाले आहे. रणजीच्या चार दिवसांत शाळेतल्या पोरांना तिथवर नेणारी बस सोडली तरी पुष्कळ. आमचे मित्र सुट्टीत गावी आले तर त्याच बसने येऊ शकतील.