डेंग्यूची जबाबदारी कोणाची?

२ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पल्स पोलिओ मोहीम सुरू केली, तेव्हा सरकारी यंत्रणेबरोबर शाळा, रोटरी आणि स्वयंसेवी संस्थाही कामाला लागल्या. त्याच राजधानीला डेंग्यू मात्र आवरता आलेला नाही. २०१५ मध्ये १५ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. याचे कारण वैद्यकीय कमी, प्रशासकीय अधिक आहे. लसीकरण ठरल्या दिवशी उरकता येते, पाण्याचा प्रश्न रोजचा असतो. नळाचा भरवसा नाही म्हणून वस्त्यांत पिंपे भरून ठेवली जातात आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. पाणी जल बोर्डाचे, फवारणी महापालिकेची, मोकळ्या जमिनी डीडीएच्या, रुग्णालये राज्य सरकारची, महापालिकेची आणि केंद्राचीही! २०१५ मध्ये 'आप'चे राज्य सरकार आणि भाजपच्या ताब्यातील महापालिका एकमेकांकडे बोट दाखवत होत्या. २०१९ मध्ये रुग्ण घटले, तेव्हा श्रेयासाठी त्यांच्यातच जुंपली. २०२५ मध्ये केंद्र, राज्य आणि महापालिका या तिन्ही ठिकाणी भाजपची सत्ता आली. जुनी सबब त्यामुळे संपली. डेंग्यूच्या आढावा बैठकीत जल बोर्डाच्या अभियंत्यालाही जाब विचारला जाणार का, एवढाच प्रश्न आहे.