शिकाऊ नोकराला खरी यादी नको

ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर शिकवताना आपले व्यापारी बांधव नव्या नोकरापुढे खऱ्या ग्राहकांचीच यादी उघडतात. आम्हाला हे मान्य नाही. एक कळ चुकली की थकबाकीचा संदेश सगळ्या गिऱ्हाइकांना जायचा! शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सरावासाठी पन्नासेक काल्पनिक ग्राहक घालावेत. ईमेल ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चे द्यावेत, हे नाव १९९९ पासून उदाहरणांसाठीच राखीव आहे. मोबाईलचा रकाना मात्र कोरा बरा, मनाने लिहिलेला नंबर कोणाचा तरी निघायचा. यादी फार नीटनेटकीही नको. एकच शेख दोन स्पेलिंगांनी दोनदा यावा, कोणाची उधारी थकलेली असावी, कोणाचा माल परत आलेला.