खातेदार मयत, खातं चालू

परवा शनिवारी अण्णांचा फोन आला. गाव आमचं कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव (माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर उस्मानाबाद आहे, ते राहणारच). म्हणाले, "आरं, त्या ट्रॅक्टरवाल्याचं पैसं गेलं बघ."

झालं असं की दोन वर्षांपूर्वी अण्णा एका शोरूममध्ये ट्रॅक्टर बघायला गेले होते. घेतला नाही. तिथल्या पोराने टॅबवर नाव, गाव, मोबाईल, किती एचपीचा हवा, कर्ज किती लागेल हे सगळं भरून घेतलं. गेल्या महिन्यात एकाचा फोन आला. त्याला मॉडेल माहीत, कर्जाचा आकडा माहीत, गाव माहीत. "सबसिडीत बसवतो, फाईल चार्ज भरा." अण्णांनी ४,८०० रुपये पाठवले. तेव्हापासून तो नंबर बंद.

माहिती कुठून फुटली याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण ती लिहिली गेली होती एकाच ठिकाणी, आणि तसल्या ठिकाणांना कुलपं लावणं हाच गेली तीन वर्षं माझा धंदा आहे. त्यामुळे कुलपं किती ढिली असतात हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आजचा हा त्रागा.

आधी थोडक्यात, मी करतो काय. सेल्स आणि सर्व्हिसवाले ग्राहकांची सगळी माहिती ज्यात ठेवतात ते सीआरएम, उदाहरणार्थ सेल्सफोर्स. आणि कंपनीत कोणाला कशाचा अ‍ॅक्सेस आहे, तो कोणी दिला, अजून हवा आहे का, याचा हिशोब ठेवणारं आयडेंटिटी गव्हर्नन्सचं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ सेलपॉइंट. ही दोन एकमेकांना जोडायची. एचआरमध्ये माणूस आला की सीआरएममध्ये खातं उघडायचं, बदली झाली की हक्क बदलायचे, सोडून गेला की बंद. ऐकायला सोपं आहे. कनेक्टर तयार मिळतो, दोन आठवड्यांत हिरवा टिक लागतो, प्रोजेक्ट मॅनेजर ग्रुपवर मिठाईचा फोटो टाकतो.

माझं म्हणणं असं आहे की तो हिरवा टिक बहुतेक वेळा खोटा असतो. आणि तो खोटा आहे हे आपल्याला, म्हणजे लावणाऱ्यांना, माहीत असतं.

एका क्लायंटकडची गोष्ट सांगतो. नाव अर्थातच नाही. पहिल्यांदा सगळी खाती ओढून एचआरच्या यादीशी जुळवली, तर ज्यांना वालीच नाही अशी चिक्कार खाती निघाली. त्यातलं एक खातं चौदा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाचं. एचआरमधून गेला, लॅपटॉप परत घेतला, ऑफिसचं लॉगिन बंद केलं. तरी त्याच्या नावाने रोज रात्री दोन वाजता कोणीतरी सीआरएममध्ये येत होतं! शोधलं तर भूत वगैरे काही नाही. जाण्याआधी त्याने डीलरांच्या सिस्टिमला डेटा पाठवणारं एक इंटिग्रेशन स्वतःच्या खात्यावर बसवलं होतं. ऑफिसचं लॉगिन बंद केलं म्हणून सीआरएमने आधी देऊन ठेवलेलं टोकन आपोआप मरत नाही. ते वेगळं मारावं लागतं. ते कोणीच मारलं नव्हतं.

मी म्हटलं, बंद करू. मीटिंग बसली. "बंद केलं तर डीलरांचा डेटा थांबेल." मग त्या इंटिग्रेशनला स्वतंत्र खातं द्या, त्याला लागेल तेवढाच हक्क द्या, आणि त्याचा एक जिवंत मालक ठरवा. "फेज टूमध्ये बघू. आत्ता एक्सेप्शन टाक." टाकलं. कोणी टाकलं? मीच टाकलं. ऑडिटच्या रिपोर्टमध्ये त्या ओळीपुढे 'मान्य अपवाद' असं आलं आणि रंग हिरवा झाला. फेज टू अजून यायची आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका टोकनने असं काय मोठं होतं? ऑगस्ट २०२५ मध्ये झालं ते बघा. सेल्सलॉफ्ट नावाच्या कंपनीचं ड्रिफ्ट हे चॅटचं अ‍ॅप अनेकांनी आपल्या सेल्सफोर्सला जोडलेलं होतं. चोरांनी त्या जोडणीची टोकन्स पळवली आणि ८ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधून डेटा उपसला. गूगलचा अंदाज ७०० हून जास्त संस्थांचा होता. त्यात क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स अशी नावं होती, म्हणजे ज्यांचा धंदाच सुरक्षा विकण्याचा आहे. पासवर्ड फोडायला लागला नाही, ओटीपी विचारला गेला नाही. टोकन म्हणजे आत सोडलेला माणूस, त्याला दारात कोण अडवणार? आणि आपण तिमाहीला रिव्ह्यू कोणाचा करतो? हाडामांसाच्या माणसांचा. टोकनला एम्प्लॉयी नंबर नसतो, म्हणून ते यादीतच येत नाही.

माणसांचा रिव्ह्यू तरी कसा होतो? मॅनेजरला मेल जातो: या ४० जणांचे हक्क तपासा. समोर पर्मिशन सेटची नावं येतात, 'सेल्स_टेंप_फायनल_२' छापाची. त्याच्या आत 'सगळा डेटा बघा' आहे की 'रिपोर्ट एक्सपोर्ट करा' आहे, हे नावावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मॅनेजर शुक्रवारी सहा वाजता सगळ्यांना टिक करून 'अप्रूव्ह' दाबतो. मी त्याला दोष देत नाही. त्या नावासमोर साध्या भाषेत एक ओळ लिहायची सोय असते. "हा हक्क असलेला माणूस सर्व ग्राहकांचे मोबाईल नंबर फाईलमध्ये उतरवून घेऊ शकतो." एवढं लिहिलं असतं तर त्याचा हात नक्की थबकला असता. ती ओळ लिहिणं माझं काम होतं. इस्टिमेटमध्ये त्याला वेळच धरला नव्हता.

मला या सगळ्यात आमचा सातबारा आठवतो. आजोबा वारले २०११ मध्ये, पण सातबाऱ्यावर २०२५ पर्यंत ठणठणीत होते. अर्ज, दाखला, शपथपत्र, "साहेब मीटिंगला गेलेत", सगळं करून अण्णा थकले. राज्यभर असे इतके मयत खातेदार होते की १ एप्रिल २०२५ पासून सरकारला 'जिवंत सातबारा' अशी मोहीमच काढावी लागली. गावात चावडी वाचन झालं, मयतांच्या याद्या झाल्या, मग वारसांची नावं लागली. आमचंही काम त्यातच झालं.

महसूल खात्याला नावं ठेवायची आपल्याला फार हौस. पण ती पद्धत जरा नीट बघा. वारस नोंदीचं वेगळं रजिस्टर आहे, गाव नमुना ६-क. फेरफार तलाठी लिहितो (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), पण मंजूर करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. मध्ये संबंधितांना नोटीस आणि हरकतीला १५ दिवस. आणि चावडी वाचन, म्हणजे रेकॉर्ड सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, म्हणजे कोणीतरी उठून म्हणतो, "आवो, ते तर कवाच वारलं!" आम्ही ज्याला डॉलरमध्ये बिल लावतो ते सगळं यात आहे. तरी मयत माणसं वर्षानुवर्षं राहिली, कारण पद्धत होती पण ती चालवायची कोणालाच घाई नव्हती. मग नुसता कनेक्टर बसवून आपलं काय भलं होणार?

एक फरक मात्र आहे. आजोबांचं नाव राहिलं तर पीककर्ज अडतं, त्रास आपल्यालाच होतो, म्हणून आपण हेलपाटे घालतो. सीआरएममधलं मेलेलं खातं चालू राहिलं तर कंपनीचं काहीच अडत नाही. त्रास होतो कळंबच्या माणसाला, आणि त्याला हे खातं अस्तित्वात आहे हेही माहीत नसतं. तक्रार करणाराच नसेल तर तिकीट कोण उघडणार?

कोणी म्हणेल, आतलाच माणूस चोर असेल तर टूल काय करेल? खरं आहे. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओमधल्या लोकांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे पिन गोड बोलून काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. तिथे कनेक्टर उपयोगाचा नव्हता. पण घरात चोर निघू शकतो म्हणून कोणी दाराला कडी लावायचं सोडत नाही. दुसरं कोणी म्हणेल, छोट्या कंपनीला ही लायसन्स परवडत नाहीत. मग एक एक्सेल घ्या, महिन्यातून एकदा सीआरएममधली चालू खाती काढा, एचआरच्या यादीशेजारी ठेवा आणि टीमसमोर मोठ्याने वाचा. चावडी वाचन फुकट आहे.

जे हे काम करतात त्यांच्यासाठी माझ्या मागण्या फक्त तीन. एक, प्रत्येक इंटिग्रेशन खात्याला आणि टोकनला नावानिशी जिवंत मालक हवा, आणि मालक कंपनी सोडून जाताना ते दुसऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय त्याचं रिलीव्हिंग लेटर निघू नये. दोन, अपवादाला शेवटची तारीख हवी, आणि ती उलटली की रिपोर्टमध्ये लाल दिसायला हवं. तीन, पर्मिशनचं वर्णन मॅनेजरच्या आईला कळेल अशा भाषेत हवं. सेल्सफोर्समध्ये युजर डिलीट करता येत नाही, फक्त डीअ‍ॅक्टिव्हेट करता येतो. तोच लीडचा डीफॉल्ट ओनर वगैरे असेल तर तेही अडतं. मग लगेच फ्रीझ करा, आणि त्याची रेकॉर्ड्स कोणाच्या नावावर जाणार ते ठरवा. 'कनेक्टरने एरर दिला' हे उत्तर नाही.

वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. डेटा नीट राखला नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. त्या भीतीने आता सगळे धावतील आणि आणखी हिरवे टिक लागतील. मला त्याचीच धास्ती आहे.

अण्णांना विचारलं, सायबरकडे तक्रार केली का? १९३० वर फोन करा म्हटलं. म्हणाले, "चार-पाच हजारासाठी कोण दारात उभं करतंय? तू कंप्युटरचंच काम करतूस नव्हं? तुलाच काय करता येतंय का बघ."

सोमवारी ऑफिसला गेल्यावर ते एक्सेप्शन पुन्हा उघडणार आहे. मीटिंग लागेल, शिव्या पडतील. पडू देत.