वावर एकट्याचे, गाव कोणाचे?



आपल्या मंडळाची बैठक कोणत्याही विषयाची असो, चहा येईपर्यंत दोन गोष्टी हटकून निघतात. एक म्हणजे गावाकडची जमीन ठेवावी की विकावी, आणि दुसरी म्हणजे गावात आता आपले माणूस राहिले नाही. पहिली गोष्ट व्यवहाराची आणि दुसरी भावनेची, असे आपण धरून चालतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकच आहेत. जमीन एकेकट्याची झाली तेव्हाच गाव कोणाचेच राहिले नाही. म्हणून आज आम्ही जमिनीच्या समाईक मालकीबद्दल लिहीत आहोत. विषय जुना आहे, पण आपल्या जिल्ह्यात तो आजच्याइतका निकडीचा कधी नव्हता.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले. आपली काही घराणी त्या सुमारास आली, काही आधी, काही नंतर कापसाच्या आणि केळीच्या ओढीने तापी ओलांडून आली. शहापूर, इच्छापूर, डापोरा, खकनार या पट्ट्यात त्यांनी वावरे कसली आणि शहरात वाडे बांधले. भाषा मराठी आणि कागदपत्र हिंदी, अशा दुहेरी संसारात पिढ्या गेल्या. आज त्या जमिनीचे काय झाले आहे?

आम्ही बँकेत कारकुनी करतो. कर्जाच्या अर्जाला जोडलेली खसऱ्याची नक्कल रोज डोळ्यांखालून जाते. हिशेब अगदी साधा आहे. समजा आजोबांची जमीन ४० एकर होती आणि त्यांना चार मुलगे झाले. प्रत्येकाला १० एकर आली. त्या प्रत्येकाला तीन मुलगे झाले, तर नातवाच्या वाट्याला सव्वातीन एकर आणि वर काही गुंठे येतात. मुलींचा कायदेशीर हक्क धरला तर त्याहूनही कमी. या तुकड्यावर स्वतंत्र ट्यूबवेल, स्वतंत्र मोटर, स्वतंत्र ठिबक आणि स्वतंत्र कर्ज! एका शिवारात दहा भाऊबंद दहा बोअर खणतात आणि एकमेकांच्याच खालचे पाणी ओढतात. वाटणी कागदावर झालेली नसेल तर एका खात्यावर डझनभर नावे असतात. त्यातला एक पुण्याला, एक इंदूरला, एक परदेशात. सही मिळत नाही म्हणून कर्ज मिळत नाही, आणि कर्ज मिळत नाही म्हणून जमीन बटाईने जाते. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणतो, ‘विकून मोकळे होऊ या.’ इंदूर–इच्छापूर रस्त्याच्या आसपासच्या जमिनीला गिऱ्हाईक बाहेरचे असते. त्याला तिथे केळी लावायची नसते आणि गावाशी काही देणेघेणेही नसते.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवितात की भांडवल खाऊन दाखविलेला नफा हा नफा नव्हे. जमीन विकून आलेला पैसा हा त्यातलाच प्रकार आहे.

यावर उपाय काय? एक उपाय आपल्याच एका मराठी माणसाने सुचविला होता. विनोबा भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. गीतेवरील त्यांची प्रवचने तिथेच झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. धुळे आपल्याला परके नाही. याच विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन दिली आणि भूदानाची चळवळ सुरू झाली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदान गाव ठरले. भूदानात एक माणूस जमिनीचा तुकडा देतो. ग्रामदानात सारे गाव आपली मालकी गावाच्या नावे करते. हा फरक मोठा आहे.

भूदानाचे पुढे काय झाले हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. देशभरात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे संकल्प झाले. पण त्यातली बरीच जमीन पडीक, खडकाळ किंवा कज्जेदलालीत अडकलेली निघाली आणि मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. दानपत्र झाले, पण खात्यावर नाव चढले नाही. आसाम सरकारने तर २०२२ साली आपला ग्रामदान कायदाच रद्द केला. तेव्हा ‘विनोबांनी सांगितले म्हणून करा’ असे आम्ही म्हणणार नाही. केवळ भावनेवर उभा राहिलेला व्यवहार टिकत नाही, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु जिथे गाव आधी जागे झाले आणि कायदा नंतर वापरला, तिथे चित्र निराळे आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ लाभलेल्या या गावाने आधी अनेक वर्षे ग्रामसभा चालविली. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला जातो. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. एवढी तयारी झाल्यावर २०१३ साली गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याप्रमाणे शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे देण्याचे ठरविले. त्यानंतरही सरकारदरबारी कित्येक वर्षे खेटे घालावे लागले, तो भाग वेगळा.

या कायद्यातला व्यवहार समजून घेण्यासारखा आहे, कारण ‘समाईक मालकी’ म्हटले की आपल्याकडे लगेच ‘आमचे वावर हिसकावणार’ अशी ओरड होते. ग्रामदानासाठी निदान ७५ टक्के जमीनधारकांची संमती आणि गावातील निदान ६० टक्के जमीन लागते. दिलेल्या जमिनीपैकी विसावा हिस्सा भूमिहीनांना कसण्यासाठी जातो. उरलेली जमीन ज्याची तोच कसतो आणि त्याच्या मुलाबाळांकडेही कसण्याचा हक्क जातो. उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात भरायचा असतो. जमीन गावाबाहेरच्याला विकता येत नाही. म्हणजे नांगर तुमचा आणि पीकही तुमचे. जातो तो फक्त गावाला न विचारता जमीन बाहेर काढण्याचा अधिकार. आज जी घराणी हळहळतात, त्यांची जमीन याच अधिकाराच्या वापराने गेली आहे, हे विसरू नये.

आता कोणी म्हणेल, मेंढा हे एका जमातीचे, जंगलातले गाव. आमच्या केळीच्या बागायतीत हे कसे जमावे? आक्षेप खरा आहे. आपल्या गावांत अनेक जाती आहेत, जमिनीत मोठी विषमता आहे आणि आपल्यापैकी बरेच जण गावात राहतही नाहीत. म्हणून मालकीपासून नव्हे, तर पाण्यापासून सुरुवात करावी असे आम्हांस वाटते.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची ४० एकर ओसाड जमीन घेऊन पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तिथला नियम असा, की पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आणि ऊस-केळीसारख्या पिकांना मज्जाव. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यावर हीच वाट धरली. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मधुकरराव देवल यांनी दलित कुटुंबांची संयुक्त सहकारी शेती उभी केली आणि गहाण पडलेल्या जमिनी सोडवून पुन्हा पिकत्या केल्या. तीन प्रयोग, तीन वेगळे तालुके, पण सूत्र एकच आहे. जमिनीचा धनी कोणीही असो, तिच्याविषयीचा निर्णय सगळ्यांनी मिळून करायचा.

केळीला मज्जाव म्हटले की आपल्या जिल्ह्यात कपाळाला आठ्या पडतील. केळी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. निम्मा जिल्हा तिच्यावर जेवतो. पण किती एकर केळी हे शिवारातील पाणी पाहून गावाने ठरवावे, एवढे तरी म्हणता येईल की नाही? याच बऱ्हाणपुरात १६१५ साली, खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून एकमेकींना जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांत खेळविले गेले. तो कुंडी भंडारा पाहायला आजही लांबून लोक येतात. त्यातली एकही कुंडी एकट्याच्या मालकीची असती आणि त्याने ती मनाला येईल तशी उपसली असती, तर खालचे शहर केव्हाच तहानले असते. जे चारशे वर्षांपूर्वी जमले ते आज का जमू नये?

पैशाच्या बाजूने येणाऱ्या दोन शंकांचे उत्तर देणे आमच्या पेशाला धरून आहे. पहिली शंका कर्जाची. गावाच्या नावे झालेली जमीन तारण ठेवता येत नाही, मग बँक कर्ज कशी देईल? ही अडचण खरी आहे आणि ग्रामदान रखडण्याचे ते एक मोठे कारण आहे. पण पीककर्जासाठी नेहमीच तारण लागते असे नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली आहे. शिवाय जमीन ज्याच्या त्याच्या नावे ठेवूनही एकत्र येता येते. कंपनी कायद्यात २००२ साली उत्पादक कंपनीची तरतूद झाली. १० शेतकरी मिळून अशी कंपनी काढू शकतात. सभासदाचे वावर दोन एकर असो की वीस, मत एकच. खत, रोपे, शीतगृह, ट्रक, बाजारभावाची घासाघीस हे सारे एकत्र झाले, तर तुकड्याच्या शेतीचा निम्मा तोटा तिथेच भरून निघेल.

दुसरी शंका बटाईदाराची. ‘लिहून दिले तर तो जमीन बळकावेल’ या भीतीने आपल्याकडे सगळा व्यवहार तोंडी चालतो. परिणाम असा की गारपीट झाली तर भरपाई मालकाच्या खात्यात येते आणि कसणारा हात चोळत बसतो. असा माणूस पुढल्या वर्षी जमिनीची निगा का राखील? मध्य प्रदेशात भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हिताचे रक्षण करणारा कायदा २०१६ पासून आहे. त्याखाली पाच वर्षांपर्यंतचा लेखी करार करता येतो आणि त्याने मालकी हलत नाही. हा कायदा कागदावर पडून आहे. गावात कसणारा माणूस बहुधा कोरकू, बारेला, भिल्ल किंवा आपल्यातलाच गरीब भाऊबंद असतो. त्याला भागीदार मानल्याशिवाय समाईक गावाची भाषा करणे म्हणजे दिखाऊपणा होईल.

राजकारणाचा मुद्दाही आहेच. १९५१ साली मालगुजारी गेली तेव्हा गावची चराई, जळण, पाणवठे हे सारे सरकारजमा झाले. मात्र गावाचा वापराचा हक्क, म्हणजे निस्तार, कायद्याने राहिला. मध्य प्रदेश भूराजस्व संहिता १९५९ प्रमाणे गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असावे लागते. आपल्या गावाचे निस्तार पत्रक किती जणांनी पाहिले आहे? गायरानावर कोणाचे कुंपण आहे, हे ते वाचल्याशिवाय कसे कळणार? निवडणुकीत उमेदवार आपल्याकडे ‘मराठी मते’ मागायला येतात, गणपतीला वर्गणी देतात, शिवजयंतीला हार घालतात. यापुढे त्यांना निस्तार पत्रकाबद्दल विचारले पाहिजे. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच समजावे.

म्हणून मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत चार ठराव करावेत अशी आमची सूचना आहे. एक, सभासद घराण्याने जमीन विकायची झाल्यास आधी भाऊबंदांना, मग गावातल्या कसणाऱ्याला विचारावे आणि त्यानंतरच बाहेर जावे. दोन, बटाईचा प्रत्येक व्यवहार लेखी करावा. तीन, ज्या शिवारात आपली दहा तरी खाती आहेत तिथे उत्पादक कंपनी काढावी आणि इतर समाजांनाही तीत बरोबरीने घ्यावे. चार, प्रत्येक सभासदाने आपल्या गावाच्या निस्तार पत्रकाची नक्कल तहसीलीतून काढून ग्रामसभेत वाचावी. यातल्या एकाही ठरावाला नवा कायदा लागत नाही की सरकारी अनुदान लागत नाही.

पहिला ठराव सर्वांत जड जाईल हे आम्ही जाणून आहोत. बाहेरचे गिऱ्हाईक जास्त भाव देते आणि घरात लग्न, शिक्षण, दवाखाना काढलेला असतो. त्यासाठी मंडळाच्या फंडातून अडचणीच्या वेळी बिनव्याजी उचल देण्याची सोय करता येईल. फंड लहान आहे, पण ज्याची जमीन अडचणीमुळे विकली जाते त्याला बहुतेकदा सगळी जमीन विकण्याइतकी रक्कम लागतच नाही, हे आम्ही रोज काउंटरवर पाहतो. दोन-तीन घरांची वावरे जरी यातून राखली गेली तरी ठराव सार्थकी लागला असे म्हणता येईल. सभेला घरटी एक माणूस यावा आणि येताना आपल्या जमिनीच्या खसऱ्याची नक्कल आणावी, एवढीच विनंती.