रोव्हर पथक : साहस की संस्कार?

साहस हा शब्द आपल्या भंडारा जिल्ह्यात जरा जपूनच वापरला पाहिजे. मे महिन्यात पहाटे तेंदूपाने तोडायला निघालेली बाई वाघाच्या वाटेवरूनच जाते. रोवणीच्या दिवसांत माणसे दिवसभर कमरेत वाकून, चिखलात उभी राहून पऱ्हे रोवतात. त्यांना कोणी साहसी म्हणत नाही. तीच वाट महाविद्यालयीन तरुण पाठीवर पिशवी टाकून चालला, की मात्र त्याचे साहस होते आणि फोटोही निघतो.

म्हणूनच, रोव्हर पथकात नाव देतो म्हटल्यावर माझ्या बाबांनी विचारले, “जंगलात जायाले पैसे कायले पायजेत?” आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, हिशेबाचा आहे. त्याचे उत्तर देता येते, असे माझे मत आहे.

जंगल कळण्यासाठी खेड्यातल्या मुलाला पथकाची गरज नाही. ‘क्लोव्ह हिच’ नावाची गाठ शिकवली गेली, तेव्हा खुंट्याला बैल बांधणारे आम्ही तीन-चार जण नुसते हसलो. आंबागडाच्या चढणीवर दम लागला तो आम्हांला नव्हे. पण त्याच मुक्कामात एका झाडाला कागद लावलेला होता. पाणी कोणी आणायचे, चूल कोणी पेटवायची, भांडी कोणी घासायची, संडासासाठी चर कोणी खणायचा, याची रोजची वाटणी त्यावर होती. माझ्या मते पथकाचा सारा संस्कार त्या कागदात आहे.

गावात ही कामे कोणाची, हे माणूस जन्माला येण्याआधीच ठरलेले असते. चूल आणि भांडी माय-बहिणीची. घाणीचे काम कोणाचे, ते सांगायला नको. शिबिरात ती आळीपाळीने सर्वांकडे येतात आणि त्यातून कोणाचीच सुटका नसते. राईस मिलवाल्याचा मुलगा आणि मिलमध्ये हमाली करणाऱ्याचा मुलगा एकाच चरात कुदळ मारतात. समतेवर आपण निबंध पुष्कळ लिहितो. ती हातांनी करून पाहण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

ही गोष्ट या चळवळीच्या मुळातच आहे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा श्रीमंत शाळांतील आणि कामगार घरांतील मिळून वीसेक मुले त्यांनी मुद्दाम एकत्र ठेवली. परंतु १९०९ मध्ये चळवळ भारतात आली ती गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांना दार बंद होते. म्हणून ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी वेगळ्या संघटना उभारल्या. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संघटना जन्मास आली. दार कोणाला उघडे, हा या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

तो आजही सुटलेला नाही. गणवेश, स्कार्फ आणि बूट म्हणजे रोवणीची कित्येक दिवसांची मजुरी. शिबिर धानकापणीत आले, तर मजुराचा मुलगा येऊ शकत नाही. सायंकाळच्या बैठकीला थांबले, तर गावची शेवटची एस. टी. निघून जाते. मुलींना मुक्कामाची परवानगी घरून मिळत नाही. मग पथकात उरतात ती सोयीच्या घरांतली मुले, आणि त्या कागदाला काही अर्थ राहत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. पुस्तकपेढीप्रमाणे गणवेशांची पेढी असावी. शिबिर धानाचा चुरणा आटोपल्यावर घ्यावे. बैठक दुपारीच उरकावी. मुलींच्या घरी एखाद्या प्राध्यापिकेने स्वतः जाऊन बोलावे; आमच्या खेड्यांत मास्तरणीच्या शब्दाला अजून मान आहे.

मित्रहो, रोव्हरचे ब्रीद ‘सेवा’ हे आहे. गावाची सेवा करायला निघण्याआधी आपली उष्टी थाळी आपण घासायला शिकावे. घरी परतल्यावरही ती आपणच घासली, तर शिबिर झाले म्हणावे. नाहीतर ती नुसती सहल.