सशाच्या नसबंदीसाठी पुणे कशाला गाठायचं?

बारामतीत काय किंवा इंदापुरात काय, पांढऱ्या सशांची जोडी काही शे रुपयांत मिळून जाते. मुलांचा हट्ट असतो, वाढदिवसाचं निमित्त असतं आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "दोन्ही माद्याच आहेत, काळजी करू नका." दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात नर-मादी ओळखताना जाणकारही चकतो. मग पाच-सहा महिन्यांनी एके सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पोटाचे केस उपसून केलेलं घरटं दिसतं. त्यात डोळे मिटलेली, अंगावर लव नसलेली सहा-सात पिल्लं वळवळत असतात. घर आनंदून जातं. महिनाभराने तीच मादी पुन्हा विते, तेव्हा मात्र आनंदाची जागा चिंता घेते.

गाय-म्हैस सांभाळणाऱ्या भागाला माजाचं गणित नीट कळतं. सशाला ते लागू नाही. मादीला ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नराचा संग झाला की त्यानंतर दहा-बारा तासांत बीज सुटतं. गाभणकाळ साधारण एक महिन्याचा. व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. ऑस्ट्रेलियात 1859 मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी व्हिक्टोरिया प्रांतात दोन डझनांच्या आसपास ससे सोडले. त्यांची पिलावळ इतकी फोफावली, की पश्चिमेकडच्या राज्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेकडो मैलांचं कुंपण घालावं लागलं. तो हाच ससा, मूळचा युरोपातला. आपल्या माळावरचा ससा वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याची पिल्लं जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आणि या दोघांचा संकर होत नाही.

हे ठाऊक नसल्याने काही माणसं पिल्लं जड झाली की सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेला किंवा कडबनवाडीच्या माळावर नेऊन सोडण्याचा विचार करतात. "निसर्गात सोडलं" असं मनाचं समाधान करून घेतात. पण घरात वाढलेल्या पांढऱ्याशुभ्र सशाला ना लपता येतं, ना खोकडाची चाहूल लागते. कुत्र्यांच्या तोंडी जायला त्याला एक रात्र पुरते. पाळलेलं जनावर सबळ कारणाशिवाय असं सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा नाममात्र आहे, पण गुन्हा तो गुन्हाच.

राहिला शहाणपणाचा मार्ग, नसबंदीचा. इथे खर्चाचा आणि भीतीचा प्रश्न एकदमच उभा राहतो.

गोऱ्हे आणि बोकड खच्ची करणं या तालुक्यांत कुणालाच नवीन नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा असतो, काम काही मिनिटांत उरकतं. त्यामुळे "एवढ्याशा सशाला हजारो रुपये?" हा प्रश्न मनापासूनचा असतो. पण दीड-दोन किलोच्या जिवाला पूर्ण भूल द्यावी लागते. त्याचं तोंड अरुंद, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं जिकिरीचं. नरामध्ये वृषणांकडे जाणारी पोटातली वाट आयुष्यभर उघडी राहते; ती नीट बंद केली नाही, तर आतडं खाली उतरू शकतं. मादीचं तर पोटच उघडावं लागतं, म्हणून तिचं बिल नराहून जास्त. बिलात तपासणी, भुलीचा वायू, सलाईन, वेदनाशामक आणि टाके पाहण्याची दुसरी फेरी हे सगळं धरलेलं असतं. डॉक्टर लुटतात, हा समज बहुतेक वेळा चुकीचा आहे. खर्च खरा वाढतो तो गाडीभाड्याने आणि बुडालेल्या रोजाने. कारण तालुक्याच्या ठिकाणी गाय, म्हैस, शेळी पाहणारे डॉक्टर असतात आणि सशाचं नाव काढलं की अनेकदा पुण्याचा रस्ता दाखवला जातो. बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब.

मादीच्या बाबतीत हा खर्च टाळण्यातही जोखीम आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढत जाते. काही जुन्या अभ्यासांत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला होता. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, हे लक्षात घेतलं तर या आकड्याचं गांभीर्य कळेल.

भीतीचं म्हणाल, तर तीही निराधार नाही. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात आठ हजारांहून अधिक सशांच्या भुलीची नोंद ठेवली गेली आणि 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. भुलीशी निगडित मृत्यूचं प्रमाण सशांत 1.39 टक्के निघालं. कुत्र्यांत ते 0.17 टक्के होतं. मात्र आजारी ससे वगळून केवळ निरोगी सशांचा हिशेब केला, तर आकडा 0.73 टक्क्यांवर येतो. म्हणजे तरुण आणि तंदुरुस्त सशाची वेळेवर केलेली शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी सुरक्षित असते.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट इंदापूरकराने नीट वाचावी. दगावलेल्या सशांपैकी जवळपास दोनतृतीयांश शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर नंतर दगावले, आणि त्यातलेही बरेच पहिल्या तीन तासांत. आता सोलापूर महामार्गाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. भुलीतून नुकता सावरलेला ससा पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं मांडीवर, एसटी भिगवणच्या दिशेने धावतेय. जे तास डॉक्टरांच्या नजरेखाली, उबेत आणि शांततेत जायला हवेत, ते हॉर्नच्या आवाजात आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांत जातात. घाबरलेला ससा खाणं सोडतो. आणि खाणं थांबलं की त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून ही सोय जवळ हवी. यात पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव वाचतो.

ही सोय करता येण्यासारखीही आहे. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय बारामतीपासून पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथल्या शल्यचिकित्सा विभागाने आणि पुणे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने मिळून बारामतीत महिन्यातून एक दिवस सशांसारख्या लहान पाळीव प्राण्यांसाठी ठेवावा. इंदापूरकरांनाही तो सोयीचा पडेल. भुलीचं यंत्र आणि जाणकार हात एकाच दिवशी पाच-सात सशांना उपयोगी पडले, तर प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च आपोआप उतरतो. स्थानिक डॉक्टरांना शेजारी उभं राहून शिकताही येईल. फुकट काही नको. पाळणाऱ्याने रास्त शुल्क भरावं. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात दर जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरतं, लोक लांबून जनावरं पाहायला येतात. तिथे सशाच्या निगेचा एक कोपरा ठेवला तरी पुष्कळ गैरसमज दूर होतील. विक्रेत्यांनाही मोकळं सोडू नये. पाळीव प्राण्यांच्या दुकानांची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी 2018 च्या नियमांनी सक्तीची केलेली आहे. नियम आहे, पण तो पाळला जातो का, हे दुकानात जाऊन कुणीतरी तपासायला हवं.

ही सोय होईपर्यंत ज्यांना शस्त्रक्रिया करून घ्यायचीच आहे, त्यांनी डॉक्टरांना न संकोचता विचारावं. आजवर किती सशांची केली? वेदनाशामक किती दिवस देणार? शस्त्रक्रियेनंतर किती तास देखरेखीखाली ठेवणार? "रात्रभर उपाशी ठेवा" असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या जाणकाराचं मत घ्या. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही. उलट उपासाने आतडी मंदावतात. तोंडाने द्यायच्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या-औषधांनी सशाच्या पोटातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो, तेव्हा घरातलं उरलेलं औषध चुकूनही देऊ नका. एप्रिल-मे टाळा. या दोन्ही तालुक्यांतल्या उन्हाळ्यात धडधाकट ससाही धापा टाकतो.

घरी आणल्यावर स्वच्छ सुती कापडावर ठेवून कोथिंबीर, हरळी आणि थोडा लसूणघास समोर धरा. रात्रीपर्यंत तो काही ना काही कुरतडू लागला पाहिजे आणि सकाळी पिंजऱ्यात लेंड्या दिसल्या पाहिजेत. त्या दिसल्या नाहीत, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. आणि नराची नसबंदी झाली म्हणून त्याला लगेच मादीजवळ सोडू नका. त्यानंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते, तोवर दोघांचे पिंजरे वेगळेच ठेवा.