खटारा म्हणा, पण आधी पाइपाला हात लावा

मिनेसोटात जानेवारीत उणे २२ सेल्सियस म्हणजे बातमी नव्हे. त्या थंडीत मी अकरा दिवस माझा १९९५ सालचा पिकअप पुढच्या काचेवर ताटलीएवढं भोक खरवडून चालवत होतो. डीफ्रॉस्टर लावला की भस्सकन हवा यायची, पण गार. बाहेरून बर्फ, आतून माझ्याच श्वासाची वाफ गोठलेली. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात जुनं क्रेडिट कार्ड. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. अकराव्या दिवशी डावीकडे वळताना शाळेच्या बसकडे निघालेला एक मुलगा मला दिसला तो बंपरपासून पाचसहा फुटांवर. तो रस्त्यात कधीपासून होता देव जाणे. माझ्या ताटलीत तो तेव्हा आला.

काच धूसर असताना गाडी चालवणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि डीफ्रॉस्टर हा गाडीचा लाड नसून ब्रेकइतकाच सुरक्षेचा भाग आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत त्यासाठी वेगळा फेडरल नियमच आहे, क्रमांक १०३. हे सगळं मला नंतर आठवलं. असो.

त्याच दुपारी गॅरेजला गेलो. तिथल्या माणसाने दार उघडून हवेसमोर हात धरला, साल विचारलं आणि निकाल दिला, "हीटर कोर गेलाय. डॅशबोर्ड काढावा लागेल. साधारण अकराशे डॉलर." वर एक सल्ला फुकट, "एवढ्या जुन्या ट्रकवर कशाला खर्च करता?" बॉनेट उघडलंच नाही हो! संध्याकाळी फोनवर आमच्या भाऊजींचंही तेच, "विकून टाक तो खटारा." (भाऊजी, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे.)

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. "जुनं आहे, चालायचंच" हे निदान नव्हे. सत्तर वर्षांच्या माणसाचा गुडघा दुखला तर डॉक्टरने "वय झालं" म्हणून हात न लावता परत पाठवलं, तर आपण त्या डॉक्टरला काय म्हणू? मग यंत्राच्या बाबतीत आपण मान का डोलावतो? मीही डोलावलीच होती. अकराशेचा आकडा ऐकून घरी आलो आणि नव्या गाड्यांच्या किमती बघत बसलो.

आता बघा, गोष्ट किती साधी आहे. इंजिनातलं गरम कूलंट एका रबरी पाइपातून हीटर कोरमध्ये जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. कोर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. त्यावरून पंख्याची हवा जाते, तापते आणि काचेवर येते. त्यामुळे इंजिन वीसेक मिनिटं चालवायचं आणि दोन्ही पाइप चाचपायचे. (जपून, पंखा आणि पट्टा फिरत असतो. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.) एक चटका देणारा आणि दुसरा गार, तर कोर तुंबलेला. दोन्ही गरम आणि हवा मात्र गार, तर आतली गरम-गार हवेची झडप अडकलेली. दोन्ही कोमट, तर इंजिनच तापत नाहीये. कूलंटची पातळी अर्थात आधी बघायची, इंजिन गार असताना.

माझे दोन्ही कोमट. कूलंट भरलेलं. आणि तापमानाचा काटा? तो नोव्हेंबरपासून तळाशी होता. रोज डोळ्यांसमोर, आणि मी तो कधी वाचलाच नव्हता. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून बघितलं, तर दहा मिनिटांत काटा वर आणि हवा गरम. म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन ९० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो बंद राहून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. माझा उघडाच अडकला होता, त्यामुळे उणे २२ मध्ये रेडिएटर इमानेइतबारे इंजिन गार करत होता. नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट मिळून अठरा डॉलर. दोन बोल्ट, आणि कूलंट गोळा करायला घमेलं. ते जमिनीवर सांडू देऊ नका, गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

गॅरेजवाल्याची बाजूही मांडतो. त्याचा वेळ पैशांत मोजला जातो, आणि तुंबलेला कोर हे अशा तक्रारीचं खरोखरच एक नेहमीचं कारण आहे. पण अंदाज बरोबर यायची शक्यता असली म्हणून दोन मिनिटांची तपासणी माफ होत नाही. गंमत पुढेच आहे. या ट्रकचा हीटर कोर डॅशबोर्ड न काढता, समोरचा कप्पा आणि त्यामागचं झाकण काढून बाहेर येतो! ज्यांनी ही गाडी आखली त्यांनी तेवढा विचार केला होता. इतकंच काय, हवेची दिशा बदलणाऱ्या झडपांचा व्हॅक्यूम गेला तर हवा आपोआप काचेकडेच जाईल, अशी रचना केली होती. निदान काच तरी दिसावी म्हणून. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी एवढी काळजी घेतली, आणि आज आम्ही दोघं बॉनेट उघडायला तयार नव्हतो.

जुना थर्मोस्टॅट खात्री करायला पाण्यात उकळून बघणार होतो, पण गार असतानाच त्याची फट दिसत होती, त्यामुळे बायकोचं चहाचं पातेलं वाचलं. आता काच खालून वर अशी पाच-सात मिनिटांत मोकळी होते. शेजारच्या सीटखालचा गालिचा मात्र अजून ओला लागतो. काचेखालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत येत असावं. शनिवारी बघतो.